वर्डप्रेसमध्ये लेझी लोडिंग: कुठला फोटो थांबवायचा आणि कुठला नाही

कोकणातल्या एखाद्या होमस्टेची साइट डोळ्यांसमोर आणा. वर रुंद बॅनर, त्याखाली खोल्या, मग सुरमईची थाळी, अंगण, समुद्र, पाहुण्यांचे सेल्फी आणि अगदी तळाला यूट्यूबचा व्हिडिओ नि गूगलचा नकाशा. एका पानावर तीस-चाळीस फोटो सहज होतात. व्हॉट्सॲपवर आलेली लिंक कुणी फोनवर उघडतो, वरचं एक-दीड स्क्रीन बघतो, फोन नंबर शोधतो आणि निघून जातो. तळाचे फोटो त्याने पाहिलेले नसतात, पण त्याच्या फोनने ते उतरवून घेतलेले असतात. त्याचा डेटा गेला हे एक. त्याहून वाईट म्हणजे ज्या बॅनरसाठी तो डोळे लावून बसला होता, त्याच्या वाट्याची बँडविड्थ त्याला न दिसणाऱ्या फोटोंनी खाल्ली. पंगतीच्या टोकाला जिलबी पोचवायच्या धांदलीत पहिल्या पानावर भातच वाढला नाही, तसं हे.

लेझी लोडिंग म्हणजे जो फोटो स्क्रीनच्या आसपासही नाही तो मागवायचाच नाही, आणि वाचक स्क्रोल करत जवळ आला की मग मागवायचा. वर्डप्रेसवर हे करणारी प्लगिन, म्हणजे वरून जोडायची छोटी सॉफ्टवेअरं, डझनांनी आहेत. प्लगिन टाकून बटण चालू करायला पाच मिनिटं लागतात. कसब लागतं ते कशाला लेझी करायचं नाही हे ठरवताना, आणि बहुतेक साइटी तिथेच घसरतात. म्हणून या लेखात बटणापेक्षा वगळण्याच्या रकान्यावर जास्त वेळ घालवणार आहे.

आधी बघा, वर्डप्रेस स्वतः काय करतंय

ऑगस्ट २०२० मध्ये आलेल्या ५.५ आवृत्तीपासून वर्डप्रेस फोटोंना आपणहून लेझी लावतं. म्हणजे फोटोच्या कोडमध्ये ‘लोडिंग’ नावाचा गुणधर्म घालून त्यापुढे ‘लेझी’ लिहितं (कोडमध्ये अर्थातच ही नावं इंग्रजी अक्षरांत असतात). पुढचं काम ब्राउझरचं. क्रोमला हे २०१९ पासून कळतं, फायरफॉक्सला २०२० पासून. आयफोनवरच्या सफारीला मात्र २०२२ उजाडावं लागलं. मार्च २०२१ च्या ५.७ आवृत्तीत हीच सोय आयफ्रेमना, म्हणजे पानात बसवलेल्या व्हिडिओ-नकाशांना मिळाली.

पण सुरुवातीला वर्डप्रेसनेही अतिरेक केला. सरसकट सगळ्या फोटोंना लेझी लावल्यावर पानाच्या माथ्यावरचा मुख्य फोटोही उशिरा यायला लागला. जानेवारी २०२२ च्या ५.९ मध्ये ते सुधारलं आणि मजकुरातला पहिला फोटो वगळला जाऊ लागला. ऑगस्ट २०२३ च्या ६.३ मध्ये वर्डप्रेस आणखी एक पाऊल पुढे गेलं. जो फोटो मुख्य असावा असा अंदाज येतो, त्याला ‘फेचप्रायॉरिटी’ हा गुणधर्म देऊन ते ब्राउझरला सांगतं की हा सर्वात आधी आण.

तेव्हा पहिली पायरी प्लगिन शोधण्याची नाहीच. आपली साइट संगणकावर क्रोममध्ये उघडा. लॉगिन नसलेल्या, म्हणजे इनकॉग्निटो खिडकीत उघडा, कारण लॉगिन केलेल्याला पान अनेकदा वेगळं दिसतं. पानाच्या मध्यावरच्या एखाद्या फोटोवर राइट क्लिक करून ‘इन्स्पेक्ट’ निवडा. उजवीकडे फोटोचा कोड दिसेल. त्यात लोडिंगपुढे लेझी असेल तर निम्मं काम झालेलंच आहे. आता बॅनरवर तेच करा. तिथे लेझी नसायला हवं.

मधल्या फोटोला लेझी नाही असं दिसलं, तर त्याच कोडमध्ये रुंदी आणि उंचीचे आकडे आहेत का ते बघा. हे आकडे नसलेल्या फोटोला वर्डप्रेस लेझी लावत नाही, आणि ते योग्यच आहे. किती जागा राखून ठेवायची हे ब्राउझरला माहीत नसेल तर फोटो मागाहून आल्यावर खालचा मजकूर धाडकन खाली सरकतो. वाचक ‘बुकिंग’वर बोट ठेवायला जातो आणि बोट पडतं दुसरीकडेच.

मोजून ठेवा

गूगलच्या पेजस्पीड इनसाइट्सवर आपल्या पानाचा पत्ता टाका आणि फक्त मोबाइलचा निकाल बघा. डेस्कटॉपचा हिरवा आकडा बघून खूश होण्यात अर्थ नाही, तुमचे पाहुणे फोनवरून येतात. निकालातल्या दोन गोष्टी टिपून ठेवा. एलसीपी म्हणजे स्क्रीनवरचा सर्वात मोठा घटक, बहुधा बॅनरच, दिसायला लागलेला वेळ, तो २.५ सेकंदांच्या आत हवा. सीएलएस म्हणजे पान किती हललं. तो आकडा ०.१ च्या आत हवा. शंभरपैकी मिळालेले गुण दर वेळी थोडे मागेपुढे होतात, म्हणून दोन-तीनदा चालवून मधला आकडा धरा.

दुसरं मोजमाप ब्राउझरमध्येच होतं. एफ १२ दाबा, ‘नेटवर्क’ टॅबमध्ये जा, गाळणीत फक्त फोटो निवडा, ‘डिसेबल कॅशे’वर टिक करा आणि वेग ‘स्लो ४जी’वर ठेवून पान पुन्हा लोड करा. स्क्रोल न करता किती फोटो उतरले आणि एकूण किती केबी झाले, हे खालच्या पट्टीत दिसतं. मग हळूहळू स्क्रोल करा. यादीत नवे फोटो भरत गेले तर लेझी चालू आहे. चाळीसच्या चाळीस आधीच उतरले असतील, तर या लेखाचा पुढचा भाग तुमच्यासाठी आहे.

इथे नवखे हमखास गोंधळतात. लेझी असूनही स्क्रीनच्या खालचे काही फोटो आधीच उतरलेले दिसतात. त्यात बिघाड काही नाही. क्रोम फोटो अगदी काठावर यायची वाट बघत नाही. ४जीसारख्या वेगावर साधारण १२५० पिक्सेल आधी आणि त्याहून मंद नेटवर २५०० पिक्सेल आधी तो मागवायला घेतो, म्हणजे वाचक पोचेपर्यंत फोटो तयार. पान लहान असेल तर त्या अंतरात सगळेच फोटो बसतात आणि लेझीचा काहीच फायदा दिसत नाही. चार-पाच फोटोंच्या साइटवर या भानगडीत पडूच नये.

मग प्लगिन कशाला?

वर्डप्रेसची सोय साध्या फोटोंपुरती आहे. काही गोष्टी तिच्या हाती लागत नाहीत. सीएसएसमधून, म्हणजे पानाची सजावट ठरवणाऱ्या कोडमधून, पार्श्वभूमी म्हणून लावलेले फोटो ही त्यातली मोठी जात. एलिमेंटॉरसारख्या पेज बिल्डरने (कोड न लिहिता पान रचायच्या साधनाने) बनवलेल्या पानांत हे पट्ट्यापट्ट्यांनी असतात, आणि ब्राउझरची लेझी त्यांना लागू होत नाही. (एलिमेंटॉरच्या स्वतःच्या सेटिंग्जमध्ये पार्श्वभूमीच्या फोटोंसाठी लेझीची सोय आहे. तुमचा प्रश्न तेवढाच असेल तर ती चालू करा आणि प्लगिनचा नाद सोडा.) दुसरी जात काही स्लायडर आणि गॅलऱ्यांची. ते आपले फोटो स्वतःच्या जावास्क्रिप्टने, म्हणजे ब्राउझरमध्ये चालणाऱ्या कोडने, आणतात, वर्डप्रेसला विचारत नाहीत.

आणि तिसरा यूट्यूब. कुणी प्ले दाबो न दाबो, बसवलेला एक व्हिडिओ स्वतःसोबत शेकडो केबींचा कोड घेऊन येतो. आयफ्रेमला लेझी लावली तर तो उशिरा येतो, पण तेवढाच जड येतो. काही प्लगिन व्हिडिओच्या जागी नुसतं चित्र आणि प्लेचं बटण ठेवतात, आणि बोट लागल्यावरच खरा व्हिडिओ बोलावतात. माझ्या मते कित्येक छोट्या साइटींना प्लगिनचा सर्वात मोठा फायदा फोटोंसाठी होत नाही, या एका सोयीमुळे होतो.

कुठलं घ्यायचं

एकच घ्यायचं. कॅशेचं (तयार पान साठवून ठेवणारं) प्लगिन, फोटो बारीक करणारं प्लगिन, थीम आणि पेज बिल्डर या चौघांतही लेझीचं बटण असू शकतं. दोन ठिकाणी चालू राहिलं की एकाने झाकलेला फोटो दुसरा पुन्हा झाकतो आणि वाचकाला करड्या चौकटी दिसत राहतात. नवीन काही टाकायच्या आधी आहे त्या प्लगिनांच्या सेटिंग्ज उघडून बघा; बऱ्याचदा बटण घरातच सापडतं. ऑटोप्टिमाइझ आणि स्मश या नेहमीच्या प्लगिनांत ते फुकट आवृत्तीतही आहे.

काहीच नसेल तर ‘डब्ल्यूपी रॉकेट’ बनवणाऱ्यांचं ‘लेझीलोड’ हे फुकट प्लगिन सर्वात सोपं. त्याचं पान ‘सेटिंग्ज’ मेनूत येतं आणि त्यात टिक करायच्या जागा मोजक्याच: फोटो, आयफ्रेम-व्हिडिओ, आणि यूट्यूबच्या जागी चित्र. ‘डब्ल्यूपी रॉकेट’ हे त्यांचं मोठं प्लगिन विकतचं आहे. लेझीपुरतं ते घ्यायची गरज नाही.

तुमचं होस्टिंग लाइटस्पीड सर्व्हरवर असेल, तर ‘लाइटस्पीड कॅशे’ घ्या. होस्टिंगवाल्यांच्या मदत विभागाला विचारलं की ते सांगतात, किंवा कंट्रोल पॅनेलमध्ये त्या नावाचं चिन्ह दिसतं. कॅशे आणि लेझी दोन्ही एका ठिकाणी सांभाळता येतं. पुढच्या पायऱ्या त्याच प्लगिनच्या सांगतो, कारण त्यात नवख्याला घाबरवतील इतकी बटणं आहेत आणि लागतात त्यातली मोजकी.

लाइटस्पीड कॅशेमध्ये पायरीपायरीने

सुरुवातीला साइटचा बॅकअप घ्या. मग डॅशबोर्डमध्ये ‘प्लगिन्स’, त्यात ‘ॲड न्यू’, शोधात लाइटस्पीड कॅशे, ‘इन्स्टॉल’, ‘ॲक्टिव्हेट’. दुसरं कुठलं कॅशे प्लगिन चालू असेल तर ते आधी बंद करा.

डावीकडच्या मेनूत ‘लाइटस्पीड कॅशे’खाली ‘पेज ऑप्टिमायझेशन’ आहे. त्यात वर टॅबची रांग दिसेल. ‘मीडिया सेटिंग्ज’ या टॅबवर जा आणि बाकीच्या टॅबना आज हात लावू नका. सीएसएस आणि जावास्क्रिप्टचे टॅब मोहात पाडणारे आहेत, पण सगळं एकदम चालू केलं तर पान बिघडल्यावर दोष कुणाचा तेच कळत नाही.

पहिलं ‘लेझी लोड इमेजेस’ चालू करा. त्याखालचं ‘बेसिक इमेज प्लेसहोल्डर’ आहे तसंच राहू द्या. फोटो येईपर्यंत मधल्या जागेत काय दाखवायचं याच्या पुढच्या सोयी दिसायला छान आहेत, पण पहिल्या दिवशी त्यांची गरज नाही. ‘लेझी लोड आयफ्रेम्स’ चालू करा. त्यात नकाशा आणि व्हिडिओ येतात. ‘ॲड मिसिंग साइझेस’ही चालू करा. मघाशी सांगितलेले रुंदी-उंचीचे आकडे जिथे नाहीत तिथे ते भरायचं काम हे बटण करतं. सेव्ह करा. मग वरच्या काळ्या पट्टीतल्या लाइटस्पीडच्या चिन्हावर जाऊन ‘पर्ज ऑल’ करा, म्हणजे साठवलेली जुनी पानं पुसली जातात. हे विसरलं की जुनं पानच दिसत राहतं आणि माणूस सेटिंग बदलून बदलून थकतो.

आता बॅनर सोडवा

अशी प्लगिन बहुधा फोटोचा खरा पत्ता त्याच्या नेहमीच्या जागेवरून उचलून बाजूच्या एका गुणधर्मात ठेवतात आणि मूळ जागी एक रिकामं चित्र बसवतात. जावास्क्रिप्ट चालू झाल्यावर, फोटो स्क्रीनजवळ आलाय असं कळल्यावर, खरा पत्ता परत जागेवर जातो. खालच्या फोटोंसाठी हे ठीकच आहे. बॅनरच्या बाबतीत मात्र उलटं होतं. ब्राउझर पानाचा कोड वाचता वाचताच पुढचे फोटो हेरून मागवायला लागतो. पण बॅनरचा पत्ता झाकलेला असल्यामुळे त्याला काही सापडत नाही. पान येणार, जावास्क्रिप्ट उतरणार, ती चालणार, आणि मग कुठे बॅनरची मागणी जाणार. साइट वेगवान करायला प्लगिन टाकलं आणि एलसीपी आधीपेक्षा वाढला, ही तक्रार ऐकली की आधी इथेच बघायचं.

त्यासाठी बाजूचा ‘मीडिया एक्सक्लूड्स’ टॅब उघडा. पहिला रकाना ‘लेझी लोड इमेज एक्सक्लूड्स’चा. यात फोटोच्या फाइलच्या नावाचा एखादा भाग लिहिला तरी चालतो, एका ओळीत एक. होमस्टेच्या साइटवर बॅनरची फाइल, लोगोची फाइल, आणि फोनवर पहिल्या स्क्रीनमध्ये आणखी एखादा फोटो डोकावत असेल तर त्याची, एवढ्या तीन ओळी पुरतात. फाइलचं नाव मोबाइलने दिलेलं आकड्यांचं असेल तर ते ओळखणं आणि लक्षात ठेवणं कटकटीचं होतं. अपलोड करण्याआधीच नावात ‘बॅनर’ असा शब्द इंग्रजी अक्षरांत घालून ठेवला की पुढे बॅनर बदलला तरी हीच ओळ चालते. मला ही युक्ती सगळ्यात भरवशाची वाटते.

प्रत्येक लेखाच्या माथ्यावर वेगळा मुख्य फोटो असेल, तर फाइलचं नाव उपयोगी पडत नाही. तिथे क्लासच्या, म्हणजे कोडमध्ये फोटोला दिलेल्या गटाच्या, नावाने वगळायचं. लेखाच्या मुख्य फोटोवर इन्स्पेक्ट करा, कोडमध्ये ‘क्लास’ या शब्दापुढे जी नावं दिसतात त्यातलं फक्त मुख्य फोटोलाच असणारं नाव उचला आणि ‘क्लास नेम एक्सक्लूड्स’च्या रकान्यात टाका. सगळ्याच फोटोंना असणारं नाव टाकलंत तर सगळेच वगळले जातील. पुढचा रकाना बाहेरच्या चौकटीच्या क्लाससाठी आहे. स्लायडरची आख्खी पेटी वगळायची असेल तेव्हा तो कामाचा.

बॅनर फिरता असेल, म्हणजे पाच फोटोंचा स्लायडर असेल, तर माझा सल्ला स्लायडर काढून एकच चांगला फोटो लावण्याचा आहे. दुसऱ्या-तिसऱ्या फोटोपर्यंत फारसं कुणी थांबत नाही, आणि त्यातल्या पहिल्याला वेगळं वागवणं हा नवख्याचा खेळ नाही.

सेव्ह, पर्ज, आणि पुन्हा इनकॉग्निटोत बॅनर इन्स्पेक्ट करा. खरा पत्ता नेहमीच्या जागी दिसला पाहिजे. पेजस्पीडवरही फिरून जा. तिथे आता ‘एलसीपी रिक्वेस्ट डिस्कव्हरी’ नावाचा भाग येतो. मुख्य फोटोला लेझी लागलेली नाही ना, तो सुरुवातीच्या कोडमध्येच सापडतो ना आणि त्याला प्राधान्य दिलंय ना, या तीन गोष्टी तो सांगतो. या तिन्हींपुढे हिरवी खूण आली की बॅनरचं काम झालं.

काही बिघडलं तर

फोटो येतच नाहीत, नुसत्या चौकटी दिसतात: दोन लेझी एकमेकांवर चालू आहेत का बघा. नसतील, तर जावास्क्रिप्ट लांबणीवर टाकणारं किंवा एकत्र करणारं एखादं बटण चालू आहे का बघा. लेझीची स्क्रिप्टच त्यात अडकली की तिच्यावर अवलंबून असलेले सगळे फोटो अडकतात.

गॅलरीत बाण दाबल्यावर पुढचा फोटो कोरा येतो: लपलेला फोटो स्क्रीनजवळ आला हे प्लगिनला कळत नाही. त्या गॅलरीच्या बाहेरच्या चौकटीचा क्लास वगळा.

पान हलतं: रुंदी-उंची. पुन्हा तेच.

फोनवर भराभर स्क्रोल केल्यावर क्षणभर रिकाम्या जागा दिसतात, तेवढं चालायचंच. घाटात नेट येतंय-जातंय अशा ठिकाणी मात्र हा क्षण लांबतो. पान उघडताना नेट होतं, खाली जाईपर्यंत गेलं, आणि खालचे फोटो आलेच नाहीत असं होऊ शकतं. म्हणून रस्त्याचा नकाशा चित्राच्या रूपात दिला असेल, तर तोही लेझीतून वगळा. पाहुणा तो वाटेतच उघडणार. पत्ता आणि फोन नंबर तर फोटोत टाकूच नका, मजकुरात लिहा.

गूगलला फोटो दिसतात का

गूगलचा बॉट आपल्यासारखा स्क्रोल करत नाही, कशावर क्लिकही करत नाही. ब्राउझरच्या सोयीने किंवा नव्या पद्धतीच्या प्लगिनने केलेली लेझी त्याला समजते. स्क्रोल झाल्यावरच जागं होणारी जुनी प्लगिन त्याला समजत नाहीत आणि फोटो शोधात येत नाहीत. खात्री करायला सर्च कन्सोल या गूगलच्या साइटमालकांसाठीच्या साधनात ‘यूआरएल इन्स्पेक्शन’ उघडा, पानाचा पत्ता टाका, ‘टेस्ट लाइव्ह यूआरएल’ करा आणि मिळालेल्या कोडमध्ये खालच्या एखाद्या फोटोचं फाइलनाव शोधा. मूळ जागी सापडलं की मिटलं.

वजन तेवढंच राहतं

लेझीने फोटो उशिरा येतो, हलका होत नाही. फोनमधला १२ मेगापिक्सेलचा फोटो सुमारे ४००० बाय ३००० पिक्सेलचा असतो आणि तीन-चार एमबी सहज भरतो. २०१९ च्या ५.३ आवृत्तीपासून वर्डप्रेस असा फोटो लांब बाजूला २५६० पिक्सेलवर आणून ठेवतं, पण साइटवर दाखवायला तोही बहुधा जास्तच होतो. अपलोड करण्याआधीच साधे फोटो १२०० ते १६०० पिक्सेल रुंदीवर आणा आणि वेबपी या हलक्या फाइल-प्रकारात साठवा. वर्डप्रेस हा प्रकार २०२१ च्या ५.८ पासून स्वीकारतं. आणि फोटो बसवताना ‘फुल साइझ’ऐवजी ‘लार्ज’ किंवा ‘मीडियम’ निवडा. बॅनरला तर लेझीचा आधार नाहीच, त्याला हलकं करणं हाच एक उपाय आहे.

सगळं झाल्यावर टिपून ठेवलेले आकडे नव्या आकड्यांशेजारी ठेवा. पेजस्पीडच्या वरच्या भागात खऱ्या वाचकांचे आकडे दिसत असतील तर ते लगेच बदलणार नाहीत, कारण तो मागच्या २८ दिवसांचा हिशेब असतो. छोट्या साइटींना तो भाग बऱ्याचदा दिसतच नाही. मग खालची चाचणी आणि नेटवर्क टॅब हेच तुमचे साक्षीदार. थीम बदलली, स्लायडर बदलला किंवा नवं कॅशे प्लगिन आलं की बॅनरवर परत एकदा राइट क्लिक करून बघा. क्लासची नावं थीमबरोबर बदलतात, आणि मग वगळलेल्या ओळी तशाच पडून राहतात नि बॅनर पुन्हा रांगेत मागे जातो.